तीन धारांची सुई
वाकड्या सुयांची नवी पुडी उघडली की आधी मशीनच्या तेलाचा वास येतो आणि मागोमाग रक्ताचा. जळगावात आमचं सोफे आणि रिक्षांच्या सीटा शिवायचं दुकान. मोठा भाऊ शिवायचा, बाजारातून सामान मी आणायचो. त्या दुपारी जाड चामड्याचा सोफा शिवायला होता आणि मी गोल टोकाच्या सुया आणल्या होत्या. त्या कापडात सरसर जातात, चामड्यात अडतात. तिथे तीन धारांचं, कापत जाणारं टोक लागतं. भावाने जोर लावला तशी सुई मोडून त्याच्या तळहातात घुसली. ती उपसून काढत त्याने सगळी पुडी माझ्या तोंडावर भिरकावली. "इतला वरीस व्हयनात, तुले अजून सुई निवडता येत नही!" गिऱ्हाईक हसलं. माझं डोकं फिरलं. हाताशी हातोडी होती, तीच मी त्याच्या कपाळावर हाणली. भुवई फाटून हाड दिसलं, चामड्यावर रक्ताची धार लागली. मीच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्यात वाकडी सुई धरली, तेव्हा भावाने त्यांचा हात अडवला. "टोक गोल शे का तीन धारनं?" "तीन धारांचं," डॉक्टर म्हणाले, "गोल टोक कातडीत नीट शिरत नाही." भाऊ माझ्याकडे वळला, एक डोळा रक्ताने मिटलेला. "आयकं ना?" आता प्रत्येक सुईचं टोक मी आधी बोटाला लावून बघतो. समोर तो शिवत बसलेला असतो. त्याच्या भुवईवरचे टाके कसे बसलेत, ते मी अजून मान वर करून पाहिलेलं नाही.