पार्टिशनपलीकडची मैत्रीण

अकरावीत असताना वर्गात माझं नाव पुकारलं की माझी छाती धडधडायला लागायची. उत्तर येत असूनही शब्द फुटायचा नाही. आई म्हणायची, "घुमी आहे नुसती." जगात हे फक्त मलाच होतं, अशी माझी खात्री होती.

बाबा चंडीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत संशोधक. त्यांनी घरी फोनच्या लाइनवर चालणारं इंटरनेट घेतलं आणि एका मराठी चॅटरूममध्ये मला ती भेटली. तोंडी परीक्षेच्या दिवशी आपण शाळेच्या बाथरूममध्ये लपून बसतो, असं तिनं एकदा लिहिलं. मी खुर्चीतून उठून खोलीभर नाचून आले. माझ्यासारखी आणखी कुणीतरी होती!

मग रोज गप्पा. "फोन मोकळा कर गं, आजी केव्हाची लावत असेल!" आई ओरडायची. आईच्या मराठीला मी हिंदीत उत्तरं द्यायचे. या मैत्रिणीला मात्र इंग्रजी अक्षरांत मोडकंतोडकं मराठी लिहायचे. तिचे वडील हवाई दलात, बदली होऊन चंडीगडलाच आलेले. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या आरतीला आम्ही एकाच हॉलमध्ये उभ्या होतो, हे कळलं तेव्हा तर मी किंचाळलेच.

भेटायचं ठरलं. मी समोर मुकी बसले, तर ही एकुलती एक मैत्रीणही जाणार.

सेक्टर चौतीसच्या बाजारात भेटलो. दोघींच्या आया सोबत होत्याच. "बोला की गं आता!" असं म्हणून त्या समोरच्या दुकानात शिरल्या. आम्ही आपापल्या चपलांकडे बघत उभ्या. शेवटी तिनं सायबर कॅफेकडे बोट दाखवलं. आत शेजारशेजारच्या कंप्यूटरवर बसलो, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन.

'तुझी आई किती बोलते,' तिनं टाइप केलं.

'तुझी कमी आहे का?'

पलीकडून फिस्सकन हसू फुटलं, शेवटी घोरल्यासारखं. असं हसू पडद्यावर कधी दिसलं नव्हतं.

"तू अशी हसतेस?" मी मोठ्यानं विचारून बसले.

"अशी म्हणजे कशी गं?"

"म्हशीसारखी!"

"आणि तुझा आवाज? लाउडस्पीकर!"

माझा आवाज, लाउडस्पीकर! मी पार्टिशनवरून डोकावले. ती स्टुलावर चढून आधीच डोकावत होती.

"ओ बेटाजी," कॅफेवाले अंकल वैतागले, "बातें ही करनी हैं तो बाहर करो, सीट खाली करो!"

आम्ही बाहेर पडलो, बोलतच.