यादीत चेअरमन तळाला

नळदुर्गच्या आमच्या सहकारी संघात कॉम्प्युटर सांभाळणारा एकजण होता. बोलताना येताजाता 'बघा' जोडायचा. दुष्काळात त्यानं एक फाईल केली: सभासदाचं नाव आणि त्याच्या वाट्याचा कडबा. नाव टाकलं की कडबा लगेच दिसे. अख्खी यादी छापली की नावं कशीही उलटीपालटी येत. वाटप त्याच यादीनं, कडबा संपेपर्यंत.

पहिल्याच यादीत चेअरमन तळाला आले आणि बौद्धवाड्यातल्या सखूबाई वर. कडबा मिळाला नाही तर त्या गाय विकणार होत्या.

"आमाला वर घ्या की," चेअरमन म्हणाले.

"यंत्राला मानपान कळत न्हाय बघा, मालक. आपल्या सोयीनं ठेवतंय, आपल्या सोयीनं काढतंय."

चेअरमननी माझ्याकडं पाहिलं. मी सेक्रेटरी. पगाराची यादी हा गडी दरमहा हुद्द्याप्रमाणं लावून देतो, हे मला ठाऊक होतं.

"यंत्राला न्हाय जमत, मालक," मी म्हणालो.

खोटं बोललो म्हणून दुपारी मी डबा उघडलाच नाही. तो ठेचा लावून निवांत भाकरी खात होता.

"जेवा, साहेब," तो म्हणाला. "सखूबाईची गाय दावणीलाच हाय."