भाऊजींची काळी खिडकी आणि बाबांचा आवाज

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सॉफ्टवेअर लिहितात. त्यांच्या कॉम्प्युटरवर चित्रं नाहीत, बटणं नाहीत. एक काळी खिडकी आणि तिच्यात लुकलुकणारी रेघ. त्या रेघेपुढे ते आज्ञा टाइप करतात आणि यंत्र निमूट ऐकतं. घरात त्यांचं ऐकणारं तेवढं एकच आहे, असं ताईचं म्हणणं.

माणूस आळशी, पण आळसासाठी वाटेल तेवढे कष्ट घेणारा. जे काम दोनदा करावं लागेल ते हाताने करायचंच नाही. त्याची स्क्रिप्ट लिहायची, म्हणजे सगळ्या आज्ञा ओळीने मांडून यंत्राच्या गळ्यात मारायच्या. ताईच्या फोनमधले फोटो सहलींप्रमाणे वेगळे करायला त्यांनी अशीच एक लिहिली. ती लिहून होईपर्यंत ताईने फोटो हाताने लावले, वर कपडेही वाळत घातले.

ऑफिसातल्या नवख्यांना मात्र ते एक लाखमोलाची गोष्ट शिकवतात. काही हलवणारी किंवा पुसणारी आज्ञा द्यायची असली, की आधी तिच्यापुढे ‘एको’ लिहायचं. मग यंत्र काम करत नाही, काय करणार होतं ते नुसतं लिहून दाखवतं. ते वाचायचं, पटलं तरच एको काढायचं.

आमच्या बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जीव वाचेल, आवाज जाईल. ताईला नुकतेच दिवस गेले होते. भाऊजींनी एक छोटा रेकॉर्डर आणला आणि बाबांच्या हातात ठेवला. ऑपरेशनपर्यंत बाबा रोज दार लावून येणाऱ्या नातवंडाला गोष्ट सांगत बसले. बस चालवायला शिकणाऱ्या हत्तीची. बाबांची सगळी नोकरी बस चालवण्यात गेलेली, त्यामुळे हत्तीला क्लचबद्दल बरंच काही ऐकून घ्यावं लागलं.

ऑपरेशन नीट झालं. बाबांच्या हातात पाटी आली. खडूनेही ते उलट उत्तरं देऊ लागले.

एका रविवारी दुपारी आम्ही सगळे बसलेलो असताना भाऊजींनी रेकॉर्डरचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं. फायलींची नावं म्हणजे नुसती अगम्य अक्षरं. प्रत्येकीला तिच्या तारखेचं नाव द्यावं, म्हणजे गोष्ट ओळीने लागेल, असं त्यांनी ठरवलं. सासरेबुवा कौतुकाने बघतायत म्हटल्यावर जावई रंगात आला. एको लिहायचं राहिलं. कार्डाची कॉपी काढायचीही राहिली. आणि एंटर दाबलं गेलं.

रेकॉर्डरचं कॅलेंडर कुणी लावलंच नव्हतं. त्याच्या लेखी सगळे दिवस एकाच तारखेचे. सगळ्या फायलींना एकच नाव मिळालं आणि प्रत्येक फाइल आधीचीला उठवून तिच्या जागी बसली. ‘कुणाला उठवण्याआधी मला विचार’ असं यंत्राला सांगता येतं. ते सांगायचं राहून गेलं होतं. खिडकीत एकच फाइल उरली.

भाऊजी पांढरेफटक पडले. गप्प बसले असते तर आम्हाला काय कळणार होतं? पण ते उठून बाबांपुढे गेले.

“बाबा, माझ्या हातून तुमची गोष्ट पुसली गेली. शेवटचा भाग सोडून सगळी.”

ताई उठून आत निघून गेली. बाबांनी जावयाकडे पाहिलं आणि पाटीवर लिहिलं, “म्हणजे शेपूट वाचलं.”

त्यानंतर भाऊजी शहाण्यासारखे वागले. पुसलेली फाइल लगेच नाहीशी होत नाही, त्यांनी मला समजावलं. दारावरची पाटी तेवढी जाते, आणि त्या घरात नवं बिऱ्हाड येईपर्यंत आतला माणूस तिथेच असतो. म्हणून कार्डावर काहीही न लिहिता आधी त्याची जशीच्या तशी कॉपी काढली आणि शोधाशोध त्या कॉपीत केली. संध्याकाळपर्यंत एकेक तुकडा वर येऊ लागला, बिननावाचा आणि उलटसुलट. क्रम सांगू शकणारा माणूस जगात एकच होता. बाबा स्वतःचा आवाज ऐकत पाटीवर आकडे घालू लागले. ताई कधी येऊन त्यांच्याजवळ बसली ते कळलं नाही. एका भागाचा शेवट तुटला होता, बाकी हत्ती धडधाकट सापडला.

पण बाबांनी ठेवलं होतं त्याहून जास्त सापडायला लागलं. चुकले म्हणून त्यांनीच पुसलेले तुकडेही वर आले. एकात खोकला, आणि मग, “हे चालू आहे का बंद? जावईबापूंनी आणलंय म्हणजे सरळ असणार नाही.” ताई खूप वेळाने हसली.

पुढच्या तुकड्यात बराच वेळ नुसती खुर्ची करकरत होती. मग बाबा म्हणाले, “बाळा, आजोबाला आज भीती वाटतेय रे. हत्ती उद्या.”

भाऊजींनी मान वर न करता विचारलं, “बाबा, हे तुम्ही पुसलं होतंत. पुन्हा पुसू?”

बाबांनी खडू उचलला आणि परत ठेवला.

“राहू दे,” ताई म्हणाली. “बाळाला आधी हत्ती ऐकवू, बाबा. हे, ते मोठं झाल्यावर.”

बाबांनी डोळे पुसले, मग पाटी पुसली, आणि लिहिलं, “पुढचा लाव.”