परमुलखातली फटफटीवाली

एका बाईला फटफटी चालवताना पाहायचं, एवढंच मला हवं होतं. सोनं नको, लुगडं नको, पाटल्या नकोत. लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं, सोनाळा गावातल्या त्या घरात मी धाकटी सून, आणि सातवी पास असल्यामुळे त्या घरातली सगळी अक्कल आपल्याच वाट्याला आली आहे असा माझा पक्का समज. आज ती पोरगी समोर आली तर तिचा कान धरून तिला चार गोष्टी सांगाव्यात असं वाटतं. पण ती ऐकणारी नव्हती. मी ओळखते ना तिला.

नणंदेला मुलगा झाला होता आणि बारशासाठी आम्हाला बुऱ्हाणपूरला जायचं होतं. आमच्या घरामागं सातपुडा, आणि त्या सातपुड्याच्या पलीकडंच ते गाव. पण मधे जंगल, म्हणून नांदुऱ्याला येऊन आगगाडी धरायची, भुसावळला ती बदलायची आणि डोंगराला वळसा घालून डोंगरामागं जायचं. महाराष्ट्र तेव्हा नवानवा झालेला. आधी आम्ही आणि बुऱ्हाणपूरवाले एकाच प्रांतात होतो. आता ते मध्य प्रदेशात राहिले आणि आम्ही इकडं आलो. हे कुणीतरी सासूबाईंना नीट समजावून सांगितलं, आणि त्या दिवसापासून लेकीचं सासर म्हणजे त्यांना विलायत झाली.

"परमुलूख हाये तो," त्या गाडीत बसल्या बसल्या म्हणाल्या. "तिथी आपलं कोनी नाही."

"मामी, तुमची लेक हाये ना तिथी," मी म्हटलं. सासूला आमच्याकडं मामीच म्हणत.

"लेक हाये. पोलीस तं त्याहीचाच हाये."

आम्ही चौघं होतो: सासूबाई, मोठ्या जाऊबाई, मी आणि आमचे चुलतसासरे. चुलतसासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणायचो. बरोबर पुरुषमाणूस असावं म्हणून त्यांना आणलं होतं. त्यांना संध्याकाळनंतर धड दिसत नसे, पण काठी होती.

बारसं झालं, आम्ही जेवायला बसलो आणि नणंदेनं बाळाला पाळण्यात टाकता टाकता सहज सांगितलं, की गावाबाहेर जत्रा भरली आहे आणि जत्रेत मौत का कुवा आला आहे. लाकडी फळ्यांची घराएवढी उंच विहीर. तिच्या उभ्या भिंतीवरून फटफटी गोल गोल फिरते आणि लोक काठावर उभे राहून खाली बघतात.

"आन् चालवते कोन, ठाऊक हाये का वयनी? बाई! झंपर-पायजमा घालते आन् दोन्ही हात सोडते."

मी घास हातात धरूनच बसले. आमच्या गावात तेव्हा एकच फटफटी होती, ती डॉक्टरांची. ती उभी असली तरी बायका तिला वळसा घालून जायच्या. आणि इथं एक बाई ती भिंतीवर चढवते, वर हात सोडते! ती बाई मला पाहायचीच होती. दुसऱ्या दिवशी दुपारची आमची परतीची गाडी. म्हणजे तीच एक रात्र हाती होती. मी जाऊबाईंच्या मागं लागले, त्या "मले भेव वाटते" म्हणाल्या. मग मी सासूबाईंचे पाय चेपायला बसले. इतके चेपले की त्याच म्हणाल्या, "पुरे वं लायने, पाय मोडशीन. चाल, जाऊन येऊ."

पण कसं जाऊन येऊ? माझी नात परवा मैत्रिणींबरोबर बँकॉकला निघाली तेव्हा तिच्या आईनं तिला सूचना केल्या: पासपोर्ट हॉटेलात ठेव, ग्लास टेबलावर सोडून उठू नकोस, एकटी फिरू नकोस. नात वैतागली. मी तोंडाला पदर लावून हसत होते, कारण आमच्या सासूबाईंनी याच सगळ्या गोष्टी त्या संध्याकाळी सांगितल्या होत्या. अंगावरचं सोनं काढून नणंदेच्या पेटीत ठेवा. कोणी पान दिलं, पेढा दिला, देवाचा प्रसाद दिला तरी तोंडात घालायचा नाही. शुद्ध हरपते आणि बाई भलत्या गावात जागी होते. कोणी नाव विचारलं तर सांगायचं नाही. आणि सगळ्यात मोठी सूचना, जी नातीच्या आईला सुचली नाही: पदराला पदर.

आमच्याकडं जत्रेत बायका अशाच जायच्या. एकीच्या पदराचं टोक दुसरीच्या लुगड्याला गाठून माळ करायची, की गर्दीत कोणी हरवायला नको. पुढं सासूबाई, मधे मी, मागं जाऊबाई. सगळ्यांच्या पुढं काठी आपटत मामाजी, समोर काय आहे ते न दिसणारे.

त्या माळेनं माझा जीव घेतला. सासूबाई बांगड्यांपाशी थांबल्या की सगळी माळ बांगड्यांपाशी. जाऊबाईंना मागं शेव तळताना बघायची असली की मी दोन्हीकडून ताणलेली. मला बाजूला व्हायचं झालं तर तिघींनी व्हायचं. एकदा जाऊबाई आडोशाला गेल्या, तेव्हा आम्हीही गेलो आणि पाठ करून उभ्या राहिलो. पाळणे फिरत होते, दिव्यांच्या माळा लागलेल्या, कव्वालीच्या तंबूतून टाळ्या ऐकू येत होत्या. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रात्रीची बाहेर पडून काय पाहिलं, तर सासूबाईंची पाठ. त्यात त्यांनी पितळेच्या डब्याचा भाव सुरू केला. डबा घ्यायचा नव्हताच. परमुलखात काय भाव आहे ते त्यांना बघायचं होतं.

इतक्यात भोंगा ओरडला: "आखरी खेल! आखरी खेल! देखिए, शेरनी का खेल!"

"मामी, शेवटचा हाये," मी पदर ओढून म्हटलं.

"थांब वं! हा मनुष्य आता भाव पाडून राह्यला."

मग मी जे केलं त्याचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! मी हळूच दोन्ही गाठी सोडल्या, आणि जाऊबाईंचा पदर सरळ सासूबाईंच्या लुगड्याला बांधून टाकला. माळ तशीच राहिली, फक्त त्यातून मी गळाले. सातवी पास म्हणतात ते हे, असं मनाशी म्हणत मी त्या लाकडी विहिरीकडं पळाले.

तिकिटाच्या खिडकीपाशी गर्दी अशी, की पाय जमिनीला लागेनात. मागून रेटा आला, कोणाचा तरी कोपर बरगडीत बसला, आणि सगळीकडं पुरुष. तेव्हा माझी सगळी हुशारी संपली. पुढं एक बाई दिसली, हिरव्या साडीतली, चांगली धिप्पाड. सासूबाईंच्या तावडीतून मोठ्या शौर्यानं सुटलेल्या या वाघिणीनं काय करावं? तिनं त्या परक्या बाईचं पदराचं टोक पकडलं आणि त्याला आपला पदर गाठायला घेतला. विचार करून केलं नाही. गर्दी दिसली की हात आपोआप गाठ मारत, इतकंच.

त्या टोकाला आधीच एक गाठ होती, आणि तिच्यात तिचे पैसे होते.

"अरे चोट्टी!" ती बाई गरकन् फिरली. "मेरी गाँठ खोलती है?"

"खोलती नाही, बांधती!" मी माझ्या हिंदीत ओरडले. यावर आजूबाजूचे जे हसले, ते मला अजून ऐकू येतं.

पोलीस आला आणि विहिरीच्या अगदी बुडाशी त्यांची राहुटी होती, तिथं मला बसवलं. नाव विचारलं. सासूबाईंनी सांगू नको म्हटलेलं, म्हणून सांगितलं नाही. बघा, सगळे नियम मोडून हा एक मी पाळला, तोही नको तिथं! नवऱ्याचं नाव विचारलं. ते तर आम्ही घरातही घेत नव्हतो. मी मान हलवली. "पक्की है," पोलीस त्या बाईला म्हणाला.

तेवढ्यात आत फटफटी सुरू झाली. घरघर आधी खाली, मग गोल, मग वर वर. माझ्या पाठीमागच्या फळ्या थरथरायला लागल्या. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती, मधे फक्त लाकूड! फटीतून पाहावं म्हणून मी तोंड वळवलं तर पोलीस खेकसला, "सीधी बैठ!" वर लोक शिट्ट्या मारत होते. एकदम सगळे "ओऽऽ" करून ओरडले, आणि मला कळलं की तिनं आता हात सोडले. मी समोर पोलिसाच्या मिशा बघत बसले होते. रडू आलं, ते चोर ठरल्याचं नव्हतं.

खेळ संपला, आणि जिन्यावरून गर्दीबरोबर खाली कोण उतरावं? मामाजी, सासूबाई आणि जाऊबाई, पदराला पदर. मी माळेत नाही असं दिसल्यावर सासूबाईंनी नेमका अंदाज केला होता: "ते दुसरीकडी जाईन कुठी? त्या कुव्यावरच असन." मला शोधायला म्हणून तिघांची तिकिटं काढून ते वर चढले होते, आणि पूर्ण खेळभर काठावर उभे होते.

राहुटीत मला पाहून सासूबाई आधी पोलिसावर गेल्या. "चोर नाही हो थे, येडी बयताड हाये!" मग त्यांनी आपल्या लुगड्याची गाठ दाखवून सगळी पद्धत समजावली. हिरव्या साडीवाली ऐकत राहिली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "तो बोलना था ना बेटी, मैं ही बाँध लेती." पोलिसानं मला सोडलं. सासूबाईंनी माझ्या पदराला अशी गाठ मारली की ती घरी दातानं सोडावी लागली.

निजताना मला राहवलं नाही. "मामी, कशी होती थे बाई?"

"मी तिले काऊन पाहू? मी लोकाहीचे तोंडं पाहून राह्यली होती, तू कुठी दिसतं का म्हून."

सकाळी मामाजींना विचारलं. ते म्हणाले, "बाई? बुवा होता तो." ज्यांना दिवेलागणीनंतर दारातली म्हैस दिसत नाही, त्यांनी हे सांगावं!

उरल्या जाऊबाई. त्यांच्यावर माझी सगळी भिस्त. परतीच्या गाडीत त्यांना खिडकीची जागा दिली, शेव दिली. "जाऊबाई, सांगा ना. केस मोकळे होते का? हसत होती का? हात सोडले तवा कुठी पाहात होती?"

जाऊबाईंनी शेव संपवली. आधी सासूबाईंना डुलकी लागली आहे का ते पाहिलं, मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "खरं सांगू का वं? मले लय भेव वाटलं. मी तं डोयेच मिटून घेतले होते."