दुकानातली मराठी

आमचं घर तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत. घरात मराठी बोलण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे ती दुकानदाराला कळत नाही. साडीच्या दुकानात मामा तमिळमध्ये गोड गोड बोलतो आणि मध्येच माझ्याकडे वळून मराठीत म्हणतो, "हा फार भाव सांगतो, ऊठ." बिचारा दुकानदार हसून कॉफी पुढे करतो. ही खोड आम्हाला आईनेच लावली.

गेल्या वर्षी आईच्या पोटात गाठ निघाली. मामा तिचा धाकटा भाऊ. त्याने परस्पर ठरवून टाकलं की तिला फक्त 'पित्ताचा खडा आहे' म्हणायचं. माझे वडील, अप्पा, गेल्यापासून तिच्या कागदांवरच्या सह्यांचा मक्ता मामानेच घेतला होता. मला हे मुळीच पटलं नव्हतं, पण मामापुढे आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

डॉक्टरीणबाई मात्र तरुण आणि चांगल्याच खमक्या. तमिळमध्ये म्हणाल्या, "काय काढायचं, का काढायचं, धोका काय, हे अम्मांना मी स्वतः सांगणार. सहीही त्यांचीच लागेल." मामा कसनुसा हसला. मग सवयीने माझ्याकडे वळून खणखणीत मराठीत म्हणाला, "गाठ आहे म्हणून अक्काला कळू देऊ नको. भिऊन जाईल. अस्कं, सगळं मी पाहून घेतो."

अक्का, म्हणजे माझी आई, आमच्या दोघांच्या मधल्या खुर्चीत बसली होती.

खोलीत मराठी न कळणाऱ्या एकट्या डॉक्टरीणबाईच! मला हसू फुटलं, आणि मी आईकडे पाहिलं. मामाच्या अजून काही लक्षात आलं नव्हतं.

आईने मांडीवरची पर्स खाली ठेवली आणि तमिळमध्ये विचारायला लागली. गाठ केवढी? काढली नाही तर? पुन्हा झाली तर? जिना चढता येईल ना? डॉक्टरीणबाईंनी पोटाचं चित्र काढून दाखवलं. संमतीचा तमिळ कागद आईने सावकाश वाचला. मामाने नेहमीसारखं खिशातून पेन काढलं. ते त्याच्या हातातून घेऊन तिने स्वतः सही केली, आणि मराठीत म्हणाली, "मी काय दुकानदार का रे? पोट माझं, अन् माझ्यापासूनच लपवतोस?"

मामा रडायलाच लागला. मलाही आवरेना. डॉक्टरीणबाई गोंधळल्या. मला म्हणाल्या, "अम्मा काय म्हणाल्या?"

मी तोंड उघडलं आणि मिटलं. आधी आईला विचारलं, "सांगू?"