काहीही दाबा, पुणतांबाच

बोलायच्या आधी ते दोन बोटांची कात्री करून हवा कापायचे. मग तीच बोटं चिमटीत धरून कापलेल्या जागी काहीतरी चिकटवायचे. "आधी कापा, मग जोडा. संपलं!"

कोपरगावजवळच्या आमच्या साखर कारखान्यात नव्वदच्या दशकात नवं टेलिफोन एक्स्चेंज बसलं, आणि त्याच्याबरोबर पुण्याच्या कंपनीने हा माणूसही पाठवला. मी ऑपरेटर. त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून, त्यामुळे त्यांची बडबड मला पगारात धरलेली होती.

त्यांचं काम असं, की कुणी आकडे दाबले की ते बाहेर जाण्याआधी यंत्राने त्यांत काय गाळायचं, काय घालायचं, हे ठरवून द्यायचं. गावातले नंबर बदलले तरी आमचे लोक जुनेच दाबत. मी चिडायचे. ते खूश व्हायचे. "ताई, माणसं बदलत नाहीत. आकडे बदलू." शेतकी अधिकारी घाईत शून्य दोनदा दाबत, यंत्र एक गाळायचं. केमिस्ट घरच्या नंबरातला पहिला आकडा विसरत, यंत्र घालायचं. कुणी चुका करणारं भेटलं नाही, तर त्या दिवशी त्यांना चहा गोड लागत नसे. असे लोक तुम्हीही पाहिले असतील. दुसऱ्याचा गोंधळ दिसला की त्यांना सणासारखं वाटतं.

भांडारातल्या अण्णांचे हात थरथरत. एक आकडा दाबायला जावं तर शेजारचाही दबे. घर पुणतांब्याला. बायकोला दिसत नव्हतं, दिवसभर ती एकटी. शेजारी निवृत्त मुख्याध्यापिका राहत, गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. फोन त्यांच्याकडे. दुपारी अण्णांची बायको तिथे जाऊन बसायची आणि अण्णांचा फोन लागायचाच नाही.

कात्री चालली. भांडारातून काहीही दाबा, यंत्र ते सगळं कापून बाईंचा नंबर जोडणार. अण्णा हाताच्या मुठीने दाबायचे तरी पुणतांबाच लागायचं!

पुढे बॉयलर पेटवायचा दिवस आला. पाहुणे, पूजा, पेढे. सकाळी घाईघाईत आमचे कात्रीवाले एक्स्चेंजमध्ये काहीतरी नीट करायला गेले, आणि भांडाराचा नियम साऱ्या कारखान्याला लावून बसले.

शेतकी अधिकाऱ्यांनी मुकादमाला फोन लावला. "आधी नाव सांगा," पलीकडून बाई. केमिस्टने चुना मागवला. "वाक्य पूर्ण करा," बाई. मांडववाला, भटजी, पेढेवाला, कुणालाही लावा, बाईच. नाहीतर एंगेज. वर बाई मला फोन करून निरोप देत होत्या, कारण आत येणारे फोन धडधाकट होते. "तुमचे भटजी मीच बोलावलेत. निघालेत. आणि तो शेतकीवाला कोण? त्याला 'नमस्कार' शिकवा."

मी हसून टेबलावर डोकं टेकलं होतं. तेवढ्यात एमडीसाहेब आले.

"असला नियम मुळात केलाच कशाला?"

कात्रीवाल्यांनी अण्णांचं सांगितलं.

"एका माणसाच्या लाडापायी? आधी तोच काढा."

"सगळ्यांचा काढतो, साहेब. अण्णांचा नाही."

"मग तुमच्या कंपनीला सांगतो. उद्यापासून दुसरा माणूस!"

आणि साहेबांनी माझाच फोन उचलून पुण्याचा नंबर दाबला. नियम अजून काढलेला नव्हता. मला ते माहीत होतं. कात्रीवाल्यांनाही. कात्रीची दोन बोटं हवेतच राहिली. मी तोंड उघडलं नाही.

"आधी नाव सांगा." बाईंचा आवाज शेवटच्या बाकासाठी घडवलेला, रिसीव्हरबाहेर खणखणीत.

"मी... एमडी बोलतोय. कारखान्याचा."

"शाब्बास! तुम्हीच राहिला होतात."

तेवढ्यात पलीकडे काहीतरी ओढाओढ झाली. दुपार झाली होती. फोनवर ओरडूनच बोलायचं असतं, अशा समजाचा दुसरा आवाज आला, "अवो, डबा खाल्ला का? काल तसाच परत आनला, मंग मी बी जेवले न्हाई. आज खाताय ना?"

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. मग छताकडे.

"खातो," ते म्हणाले, आणि रिसीव्हर हळूच ठेवला. दारापर्यंत जाऊन वळले. "बाकीचं काढा. भांडाराचं असू द्या."

साहेब गेल्यावर कात्रीवाल्यांनी हवेत जी कात्री चालवली, तिने माझ्या टेबलावरची फुलदाणी पडून फुटली. पैसे मीच भरले.

पुढच्या वर्षी ते दुबईला गेले. जाताना मला म्हणाले, "ताई, एक तरी चुकीचा नंबर दाबत जा." निरोप द्यायची ही काय रीत? शेजारचं टेबल मग रिकामंच राहिलं. मी त्यावर फायली ठेवायला लागले. अण्णा निवृत्त होऊन घरी गेले. दशक सरताना ते एक्स्चेंज भंगारात निघालं.

वायरी तोडायला माणसं आली, तेव्हा मी त्यांना चहाला पाठवलं आणि भांडारात गेले. रिसीव्हर उचलला, डोळे मिटून तळहाताने काहीही दाबलं.

"आधी नाव सांगा."

मी सांगितलं.

"अगं, बोल," बाई म्हणाल्या. "आज काय हवंय कारखान्याला?"