बाईंचं गप्प राहणं

मुरुडच्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई बंद पडलेले फोन विकत घ्यायला यायच्या. प्रत्येक फोन उजेडाकडे धरून, "ह्यात चिप कुठली हाय?" असं हळू विचारायच्या.

एका चिपमधून पासवर्ड चोरता येतात, हे त्यांनी दोन वर्षं खपून शोधलं. चिप बनवणाऱ्या कंपनीला त्यांनी कळवलं. कंपनी म्हणाली, चिपमधल्या दोषाची दुरुस्ती होईपर्यंत बोलू नका. त्या गप्प राहिल्या. सगळ्या फोनांवर ती दुरुस्ती आली त्याच आठवड्यात परदेशातल्या कुणीतरी तोच शोध छापला. बाईंचा लेख 'यात नवीन काही नाही' म्हणून परत आला.

"मॅडम, तुम्ही आधीच छापायचं होतंत," मी म्हणालो.

त्यांनी काउंटरवरच्या गिऱ्हाइकांच्या फोनांकडे बोट दाखवलं. "मग ही सगळी माणसं उघडी पडली असती, दादा."

त्यांत माझ्या आईचाही फोन होता.